फीत कापेपर्यंत

आमच्या तंत्रनिकेतनाच्या सभागृहात एक अख्खी भिंत करारांच्या फोटोंची आहे. प्रत्येक फोटोत दोन माणसं एकच फाइल दोन्ही बाजूंनी धरून उभी असतात आणि दोघंही फाइलकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत असतात. मी त्यातल्या बहुतेक फोटोंत कडेला आहे, अर्धी कापलेली. गेली बरीच वर्षं माझ्याकडे मेकॅनिकलचे तास कमी आणि ‘समन्वयक’ हे काम जास्त आहे. समन्वय म्हणजे दोन संस्थांनी एकमेकींना दिलेलं वचन त्या विसरू नयेत म्हणून तिसऱ्याच माणसाने दमायचं. मी दमले आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून उत्साहाची अपेक्षा करणार नाही.

या सगळ्या करारांत पहिल्याच परिच्छेदात ‘देशाची जागतिक स्पर्धात्मकता वाढवणे’ असं काहीतरी असतंच. लग्नपत्रिकेवर गणपती असतो तसं. पण खरं सांगायचं तर एका कराराबद्दल मलाही आशा वाटली होती. युरोपातली एक तांत्रिक संस्था, इथल्या छोट्या कारखानदारांची संघटना आणि आम्ही, अशी ती तिहेरी भागीदारी होती. तिकडून आम्हाला मोजमापाचं एक मशीन मिळणार होतं. कारखान्यात बनवलेल्या वस्तूला आमच्या भाषेत ‘जॉब’ म्हणतात. तो जॉब या मशीनच्या काळ्या दगडी टेबलावर ठेवायचा, वरून एक बारीक सुई येऊन त्याला ठिकठिकाणी स्पर्श करते आणि केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी फरक असला तरी सांगते. अशी मशीनं नाशकात खासगी लॅबमध्ये आहेत. आमच्या मशीनची गोष्ट वेगळी होती, कारण आमच्या रिपोर्टवर त्या परदेशी संस्थेचा शिक्का बसणार होता आणि तिकडचे ग्राहक तो जसाच्या तसा मान्य करणार होते. एरवी नमुने तिकडे पाठवायचे, तपासणीच्या रांगेत लावायचे आणि हात जोडून बसायचं. अंबड-सातपूरच्या दोन-चार माणसांच्या गाळ्यांना ते परवडत नाही.

होळी झाल्यावर मशीन आलं. त्याच्यासाठी खास खोली केली, कारण त्याला चोवीस तास एकसारखा गारवा लागतो. एप्रिलमध्ये आमच्या सगळ्या प्राध्यापकांना एकाएकी त्या मशीनची फार काळजी वाटू लागली. जो तो डबा घेऊन पाहणीला जायचा. मशीनवर प्लास्टिक होतं, दाराला लाल फीत होती आणि फितीखालून वाकून जाऊन आमचे विद्वान सहकारी भेंडीची भाजी खात होते.

फीत होती, कारण उद्घाटन व्हायचं होतं. प्रमुख पाहुणे मुंबईहून येणार होते. पहिली तारीख ठरली तेव्हा शिपाईमामांनी फीत बांधली. ती तारीख पुढे गेली, पण फीत तशीच राहिली. मग सिंहस्थाच्या तयारीच्या बैठका सुरू झाल्या. पाहुणे नाशकात यायचे, पण घाट, रस्ते आणि बैठका बघून परत जायचे. त्र्यंबक रस्ता खणलेला होता, त्यामुळे आमच्यापर्यंत पोचायला त्यांना वेळच उरायचा नाही.

श्रावणात ती आली. आमची जुनी विद्यार्थिनी, घोटीची. वडील भाताच्या गिरणीत होते. आमच्याकडे शिकताना ती धातू कातायच्या लेथवर उभी राहिली की वेणी वर बांधून टोपीत कोंबायची आणि मग तासभर कुणाशी बोलायची नाही. सातपूरच्या एका कंपनीत काही वर्षं काढून तिने अंबडला स्वतःचा गाळा घेतला होता. एक कॉम्प्युटरवर चालणारं लेथ मशीन, दोन कामगार आणि ती. करारानंतरच्या एका मेळाव्यात तिची तिकडच्या एका ग्राहकाशी गाठ पडली होती. व्हॉल्व्हमध्ये बसणारा स्टीलचा एक छोटा भाग त्याला हवा होता. तिने नमुने केले होते. त्याचं म्हणणं सरळ होतं: तुमच्या नाशिकच्या मशीनचा, आमच्याकडच्या संस्थेच्या शिक्क्याचा रिपोर्ट दिवाळीपर्यंत पाठवा, वर्षभराचं काम तुमचं.

“मॅडम, मशीन आलीय ना?” तिने विचारलं. पर्समधून फडक्यात गुंडाळलेले नमुने काढून तिने माझ्या टेबलावर मांडलेही होते.

“आलीय.”

“मग?”

“उद्घाटन राहिलंय.”

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय. “आमच्याकडं मशीन टेम्पोतून उतरली का त्याच दिवशी नारळ फुटतो अन् पहिला जॉब लागतो. देवाला वाट बघायला लावत नाय आम्ही.”

“हा देव मुंबईहून येतो,” मी म्हणाले.

मी प्राचार्यांकडे गेले. ते वाईट माणूस नाहीत, हे लिहिताना मला जरा जड जातं, पण खरं आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, “मॅडम, मलाही कळतं. पण पाहुण्यांच्या आधी फीत कापली तर पुढच्या वर्षी कुठल्या तोंडाने अनुदान मागायचं?” शिवाय खरी मेख वेगळीच होती. मशीन चालू करायचा पासवर्ड तिकडच्या इंजिनिअरकडे होता आणि तो उद्घाटनाला येणाऱ्या शिष्टमंडळाबरोबरच येणार होता. म्हणजे मी फितीखालून वाकून आत गेले असते तरी भेंडीची भाजी खाण्यापलीकडे काही करू शकले नसते.

मग प्राचार्यांच्याच केबिनमधून मी तिकडच्या समन्वयकाला व्हिडिओ कॉल लावला. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच थकलेला माणूस. इंजिनिअर आधी पाठवा, समारंभ मागून करू, असं मी त्याला इंग्रजीत शक्य तितकं गोड करून सांगितलं. तो एकदम गंभीर झाला. म्हणाला, आमच्या बाजूने केव्हाचीच तयारी आहे, पण तुमचा धार्मिक विधी झाल्याशिवाय यंत्राला हात लावू नये, हे आम्हाला समजतं. तुमच्या परंपरेचा आम्ही आदर करतो.

माझ्या क्षणभर लक्षातच येईना. लाल फीत, नारळ, ताटातली कात्री, फुलांचे हार. मेलमधून गेलेले तयारीचे फोटो बघून त्या भल्या माणसाने ही पूजा समजली होती. संस्कृतीचा अपमान नको म्हणून एक अख्खी संस्था पलीकडे शांत बसून होती, आणि पाहुण्यांचा अपमान नको म्हणून आम्ही अलीकडे. मी तोंड उघडलं, तोच शेजारी बसलेल्या प्राचार्यांनी घाईघाईने सांगून टाकलं, “यस, यस, थँक यू फॉर अंडरस्टँडिंग.” कॉल संपल्यावर मी त्यांना म्हणाले, “सर, आता आपण धर्मही काढला.” दोन दिवसांनी मी त्या माणसाला मेल लिहून खरं काय ते कळवलं. त्याचं उत्तर आलं की गैरसमजाबद्दल माफ करा, परंतु दौऱ्याचा खर्च समारंभासाठी मंजूर झाला आहे, समारंभाशिवाय इंजिनिअर पाठवता येणार नाही. प्रोटोकॉल काही फक्त आपल्याकडेच नाही, हे त्या दिवशी कळलं आणि अजिबात बरं वाटलं नाही.

खंडेनवमीला आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्या मशीनची पूजा होते. मामांनी त्या बंद मशीनच्या प्लास्टिकवरही हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. ती त्या दिवशी आली होती. स्वतःच्या गाळ्यातली पूजा उरकून, ताटलीत पेढे घेऊन. प्लास्टिकवरचं कुंकू बघून तिचे डोळे चमकले.

“पूजा झाली ना मॅडम? मग झालं की उद्घाटन.”

मी तिला पासवर्डचं सांगितलं. तिने एक पेढा माझ्या हातावर ठेवला. मी तिला सांगितलं की खासगी लॅबचा रिपोर्ट काढून पाठव, विनवणीचं पत्र मी देते. ती म्हणाली, “पाठवला मॅडम. ते म्हणतात, बाकी सगळे शिक्क्याचा देऊन राहिले, तुम्हालाच का सूट?” बाकी सगळे म्हणजे दुसऱ्या देशांतले, जिथे अशीच मशीनं गेली होती आणि आल्या दिवशी चालू झाली होती. पेढा माझ्या हातात तसाच राहिला. मला इतका राग आला होता की कुणावर काढावा तेच कळत नव्हतं, म्हणून मी मामांवर काढला, माळ नीट घातली नाही म्हणून.

दिवाळी आली आणि गेली. त्या ग्राहकाने काम दुसरीकडे दिलं. तिने मला फोन केला नाही, मीही केला नाही. काय विचारणार होते?

जानेवारीत, चांगली थंडी पडलेली असताना, पाहुण्यांना अर्धा दिवस मिळाला. मग चार दिवसांत मांडव, फ्लेक्स, सूत्रसंचालन, रांगोळी, सगळं झालं. कामाला लागलो की आम्ही लागतो. प्राचार्य म्हणाले, मंचावर एक लाभार्थी उद्योजिका हवी, महिला असेल तर उत्तमच, तुमची ती विद्यार्थिनी आहे ना? मी म्हणाले, तिला कसला लाभ झालाय? ते म्हणाले, “होईल ना आता.” बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण आमच्याकडे झोप्याच्या उद्घाटनाला बैलालाच बोलावतात.

मी फोन केला. तिने शांतपणे सांगितलं की गाळा सोडला. हाताशी दुसरं काम नव्हतं, याच कामासाठी तिने बाकीची छोटी कामं नाकारली होती. मशीन मालेगावच्या एकाने नेलं. आता ती सातपूरला एका कंपनीत ऑपरेटर होती, शिफ्टमध्ये. “मग येऊ नकोस,” मी म्हणाले. “मी सांगते सरांना, गावाला गेलीय म्हणून.”

“येते मॅडम. सेकंड शिफ्ट हाय, दुपारपर्यंत मोकळीच असते,” ती म्हणाली. “एकदा बघायचं हाय मला, आपलं काम कसं होतं ते.”

ती आली. जांभळी साडी, त्यावर स्वेटर. तिला शाल आणि श्रीफळ मिळालं. सूत्रसंचालकाने ‘निर्यातीच्या क्षितिजाकडे झेपावणारी घोटीची लेक’ असं काहीसं म्हटलं. ती मान खाली घालून उभी राहिली. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

फीत कापली गेली. आत गर्दी झाली. पाहुणे म्हणाले, “चालवून तर दाखवा.” इंजिनिअरने मशीन चालू केलं आणि मग सगळे एकमेकांकडे बघू लागले, कारण मोजायला काही आणायचं कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. नारळ होते, हार होते, जॉब नव्हता. तेव्हा ती मागून पुढे आली. पर्समधून तिने तो नमुना काढला. शेवटचा उरलेला, घरी टीव्हीशेजारी ठेवलेला, असं नंतर म्हणाली. तिने तो स्वतः टेबलावर ठेवला. सुई खाली आली, टेकली, उठली, पुन्हा टेकली. पडद्यावर एकेक आकडा उमटत गेला आणि प्रत्येक आकडा हिरवा होता. सगळा जॉब बरोबर होता. टाळ्या पडल्या.

तिकडचा समन्वयक माझ्या शेजारीच होता. तो मनापासून खूश झाला. मला म्हणाला, हे उत्तम काम आहे, आमच्याकडे आणखी ग्राहक आहेत, तिला विचारा, महिन्याला किती बनवू शकेल?

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्राचार्यांनी जरा जास्तच पाहिलं. मी तिला मराठीत विचारलं.

“सांगा त्यांना,” ती म्हणाली, “आता मशीन नाय माझ्याकडं.”

मी सांगितलं. जसंच्या तसं, इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्याने विचारलं, कधीपर्यंत होतं? मी म्हणाले, दिवाळीपर्यंत. कुणीतरी जेवण तयार असल्याचं सांगितलं आणि गर्दी मांडवाकडे सरकली.

मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेले. तिच्या एका हातात श्रीफळ होतं, दुसऱ्या मुठीत तो जॉब. मला रडू आवरेना. इतक्या वर्षांत कुठल्याही कार्यक्रमानंतर मी रडले नव्हते. ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, लेक आईला समजावते तशी.

“मॅडम, माप तर बरोबर होतं ना,” ती म्हणाली. “मला वाटायचं, माझंच काही चुकलं असंल.”

कंपनीची बस आली आणि ती चढली.