चाकं घ्यावी की नाही

धाकटा भाऊ मागे पडू लागला, तेव्हा मी वहीत नवं पान उघडलं आणि वर लिहिलं : कार्बनची चाकं घ्यावी की नाही. भावाला जाऊन आता सात महिने झाले. ते पान मी त्यानंतर एकदाच, एकाच माणसाला दाखवलं.

मी याद्या करणारा माणूस आहे. गॅसचं सिलिंडर कधी लावलं, कूलरची खस कधी बदलली, सायकलची चेन किती किलोमीटर चालली, सगळं एका जाड वहीत असतं. भाऊ कळमन्याच्या बाजारात संत्र्यांची अडत पाहायचा. संत्र्यांची पेटी उचलली की वजन सांगायचा, काट्यावर ठेवायची गरज नसे. माझ्या वहीमुळे तो मला पटवारी म्हणायचा.

दर रविवारी सकाळी आम्ही दोघं आमच्या नंदनवन वस्तीतून निघायचो, कुही गावापर्यंत जायचो, तिथे तर्री-पोहे खायचे आणि परत. पुढच्याने वारा अंगावर घ्यायचा, मागच्याने त्याच्या चाकाला चिकटून आडोशात चालायचं. किलोमीटरचा दगड आला की पुढच्याने बाजूला सरकायचं आणि मागच्याला पुढे येऊ द्यायचं. नियम मी केला होता, पण मोडायचोही मीच. माझी पाळी लांब वाटली की दगडाच्या आधीच सरकायचो. तो पुढे यायचा आणि पोह्यांच्या टपरीवर सगळ्यांदेखत सांगायचा, "दादाच्या वाट्याचे दगड बी मीच ओढले."

त्यामुळे तो मागे राहू लागला तेव्हा मला गंमतच वाटली. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, अंगाने मजबूत. पहिल्या रविवारी मी कुहीला तीन मिनिटं थांबलो. पुढच्या रविवारी चार. मी ते लिहून ठेवलं. चौथ्या रविवारी तो सायकल टपरीच्या खांबाला टेकवून बराच वेळ उभाच राहिला. मग म्हणाला, "दादा, चाकं बदलून पाहू का गा? हे लय जड वाटून राहिले."

दम लागला की सायकलवाला आधी चेन पाहतो, मग टायर पाहतो. स्वतःकडे पाहत नाही. आम्ही दोघंही त्यातलेच. मी घरी येऊन कामाला लागलो. त्याच्या टायरमधली हवा मोजली. ब्रेक घासतो का ते चाक उचलून फिरवून पाहिलं. बेअरिंग उघडून ग्रीस भरलं. सीट चार मिलिमीटर वर घेतली. प्रत्येक कामापुढे खूण केली आणि रविवारी मिनिटं मोजली. मिनिटं वाढतच होती. उरली चाकं.

पानाच्या दोन बाजू केल्या. घ्यावी, या बाजूला : वेग पकडायला हलकी, उंच रिम वारा कापते. भावाने माझ्या हातातून पेन घेऊन त्याखाली 'दिसायला झकास' असं लिहिलं. घेऊ नये, या बाजूला : रस्ता सपाट, चढ नाहीत, त्यामुळे हलकेपणाचा फायदा थोडा. आडव्या वाऱ्यात उंच रिम सायकल ढकलते. खड्ड्यात तडा गेला तर दुरुस्त करणारा इथे कोणी माझ्या माहितीत नाही. भावाची बायको चहा ठेवायला आली, तेव्हा पान पाहून म्हणाली की, यांना चाकांची नाही, झोपेची गरज आहे. भाऊ हसला. मीही हसलो.

आमच्या ओळखीच्या एका सायकलवाल्याकडे कार्बनची जोडी होती. त्याने ती दोन आठवड्यांसाठी दिली. भावाने पुढचं चाक हातात घेतलं, डोळे मिटले, दोनदा वरखाली केलं आणि वजन सांगितलं. मी स्वयंपाकघरातला काटा आणला. दहा ग्रॅमचा फरक निघाला. "काटा चुकला तुहा," तो म्हणाला.

चाचणी मी नीट आखली होती. पहिल्या रविवारी कार्बनची चाकं माझ्या सायकलला, दुसऱ्या रविवारी त्याच्या. रस्ता तोच, वेळ तीच, टायरमधली हवा तेवढीच. पहिल्या रविवारी मी त्याच्यासाठी कुहीला अकरा मिनिटं थांबलो. ठीक, माझी चाकं हलकी होती. दुसऱ्या रविवारी ती त्याच्याकडे होती आणि मी जुन्या चाकांवर. मी बारा मिनिटं थांबलो.

भाताच्या बांध्यांमधून तो येताना लांबून दिसला. काळी उंच रिम खरंच झकास दिसत होती. त्याने पोहे घेतले नाहीत, नुसतं पाणी प्यायला. मी बाकावर बसून आकडे लिहिले आणि त्याला वाचून दाखवलं : फरक नाही, घेऊ नयेत.

तो वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे चाकायचं नाही हे."

"मी तुले आधीच सांगून राहिलो होतो," मी म्हणालो, "नुसती हौस आहे."

मी वही बंद केली. माझा निर्णय झाला होता, काम संपलं होतं. परतताना सगळे दगड मी ओढले आणि घरी आल्यावर त्याला ते ऐकवलंही.

त्यानंतर दोन रविवार तो आला नाही. संत्र्यांची आवक वाढली आहे, असं म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात एका मंगळवारी सकाळी, लिलाव चालू असताना, तो रिकाम्या पेटीवर बसला तो परत उठला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय काही महिन्यांपासून थकत आलं असणार. दम लागणं, मागे पडणं, असं काही तुमच्या लक्षात आलं होतं का, असं त्यांनी विचारलं. भावाची बायको माझ्याकडे पाहत होती. वही माझ्या पिशवीत होती. मी नाही म्हणालो.

तेरवीनंतरही मी तिच्याकडे कामापुरताच जात होतो. बँक, विमा, अडतीचे कागद. यादी करायची, एकेक काम उरकायचं. आमच्याकडे भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, धाकट्या भावाची बायको फारसं बोलत नाही, त्यामुळे मला ते सोपं गेलं. पण गेल्या महिन्यात कागदांवर सह्या झाल्यावर ती आत गेली नाही. दारालाच उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, एक विचारू का? त्याइनं ते चाकं घेतले असते तर त्याइले सोपं गेलं असतं का?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. शेवटच्या दिवसांत तो जिना चढून आला की पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, सायकल जड आहे, त्याने थकवा येतो. तिनेच त्याची थट्टा केली होती, चाकांची नाही झोपेची गरज आहे म्हणून. त्याने तिचं ऐकून चाकं घेतली नाहीत, असं ती सहा महिने धरून बसली होती.

तिला नुसतं नाही म्हणता आलं असतं. तिने ते मानलं नसतं. मी पिशवीतून वही काढली, ते पान उघडलं आणि टेबलावर तिच्याकडे फिरवून ठेवलं. सांगितलं की आम्ही बदलून पाहिली होती. हा आकडा ती माझ्या सायकलला असताना, हा त्याच्या. फरक पडला नाही. तुझ्या बोलण्याचा काही संबंध नाही.

तिने तेवढंच वाचलं असतं तर बरं झालं असतं. तिचं बोट वर गेलं आणि पहिल्या रविवारपासून खाली येऊ लागलं. तीन, चार, सहा, सात. प्रत्येक आकड्यावर थांबत होतं. बाजूला माझ्या सुवाच्य अक्षरात हवा, ब्रेक, बेअरिंग, सीट. बारापर्यंत पोचल्यावर ती खुर्चीत बसली.

"डॉक्टरनं विचारलं तव्हा हे तुमच्यापाशी होतं," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.

तिने आवाज चढवला नाही. बोट अजून पानावरच होतं, 'दिसायला झकास' या शब्दांवर. त्याचं अक्षर तिला ओळखू आलं होतं. मग तिने विचारलं, वही इथे ठेवली तर चालेल का. त्या वहीत माझी पुढची सगळी कामं होती. मी ठेव म्हणालो.

चाकं मी घेतली नाहीत. रविवारी जुन्याच चाकांवर एकटा जातो. दगड दिसला की हात आपोआप हँडल वळवतो, मी बाजूला सरकतो आणि पुढे जागा करून देतो. मग थोडं अंतर तसाच बाजूने सायकल चालवत राहतो.