पाणी लाल यायलंय

मला किळस फार लवकर येते. चहावर धरलेली साय, कंगव्यात अडकलेला दुसऱ्याचा केस, बसमध्ये शेजारच्यानं दिलेला ढेकर, यातलं काहीही पुरतं. सगळं आयुष्य शाळेत विज्ञान शिकवण्यात गेलं. बेडकाचं पोट फाडून मुलांना दाखवायचे आणि घरी आल्यावर ताट तसंच सारायचे. लोक म्हणायचे बाई नाजूक आहेत. नाजूक कसली, मी घाणेरड्या गोष्टींवर रागावते, एवढंच. ही किळस पुढे एका भल्या माणसाच्या जिवावर बेतली, ते लिहायला बसले आहे.

रिटायर झाल्यावर मी दगडांना पैलू पाडायला लागले. धंदा म्हणून नाही, हौस म्हणून. आपल्या परभणीच्या आसपास शेतात, विहिरींच्या मलब्यात, दुधनेच्या पात्रात गारगोट्या आणि अकीक इतके पडलेले असतात की गुरंसुद्धा त्यांना चुकवून चालतात. ते आणायचे, कापायचे, काडीच्या टोकाला लाखेनं चिकटवायचे आणि फिरत्या चकतीवर तासन् तास घासायचे. दर रविवारी सकाळी आम्ही चौघं एका पत्र्याच्या शेडमध्ये जमायचो. शेड मिस्त्रीकाकांची. वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला माणूस. त्यांनी जुन्या कूलरच्या मोटारींवर चार मशिनी बांधल्या होत्या. चकतीवर थेंब थेंब पाणी पडत राहावं लागतं, म्हणून वर सलाईनची रिकामी बाटली नळीसकट टांगलेली. दुसरे कचेरीतून रिटायर झालेले बाबू. आणि तिसरे झरीचे ड्रायव्हरभाऊ, ज्यांनी तीस वर्षं बस चालवली. नावं कुणाचीच लिहीत नाही.

चकतीखाली जो चिकट, गढूळ चिखल साचतो, त्याला हे तिघं रबडी म्हणायचे. "बाई, तुमची रबडी सांडायली." मी तो शब्द कधी तोंडातून काढला नाही. मी पाणी म्हणायचे. लग्नाच्या पंगतीत खरी रबडी आली तरी वाटी बाजूला सारायचे, इतकं त्या लोकांनी माझं वाटोळं केलं.

आमच्यात खरा हात ड्रायव्हरभाऊंचा. बाबू घाईनं घासायचे आणि दगडाला ओरखडे ठेवायचे. मिस्त्रीकाकांचं लक्ष दगडापेक्षा मशिनीत. माझे पैलू पुस्तकात दाखवलेल्या मापाचे, पण निर्जीव. ड्रायव्हरभाऊ मात्र कान दगडाशी नेऊन चकतीचा आवाज ऐकायचे, बोटानं धार चाचपायचे आणि अमुक बाजू अजून दोन फेरे मागतेय म्हणायचे. त्यांच्या हातून उतरलेला अकीक उन्हात धरला की मी सगळ्या जगाची घाण विसरायचे. मी त्यांच्याच शेजारच्या मशिनीवर बसायचे आणि ती जागा कुणाला देत नव्हते.

पण दगड दाखवून झाले, चहा आला, की सुरू व्हायचं. बाबूंचं पोट. "सकाळी एकदा मोकळं झालं की दिवसभर माणूस राजा हाय बघा. आज चार दिवस झाले, राजा न्हाई." मग किती झालं, कोणत्या रंगाचं झालं, हाताच्या खुणांनी. मिस्त्रीकाका सलाईनच्या बाटलीकडे बोट करायचे. "माझं अस्संच चालू हाय. टिप टिप. उभं राहून पाय दुखायलेत, पण धार काई लागंना." आणि हसायचे. हसताना कफ घशाशी यायचा, तो गिळायचे. हातात बिस्कीट धरून मी हे ऐकायचे. माझंही पोट बिघडत होतं, मलाही रात्री उठावं लागत होतं, पण मी ते माझ्या लेकीला सांगितलं नव्हतं, यांना काय सांगणार? म्हातारपण येतं ते येतं, त्याची पंगत कशाला मांडायची?

एका सकाळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाबूंनी फोटो टाकला. पांढऱ्या कागदावर, रुपयाच्या नाण्याशेजारी, तपकिरी झाक असलेला पिवळा खडा. खाली लिहिलेलं, "निघाला एकदाचा." मी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, आणि शाळेत वही तपासावी तसा शेरा लिहिला. रंग मधासारखा. पृष्ठभागावरची खवल्यांची रचना दुर्मिळ. जास्त घासू नये, नैसर्गिक आकार ठेवावा, अंगठीत शोभेल. मिस्त्रीकाकांनी विचारलं, कुठं सापडला? बाबूंचं उत्तर आलं, "लघवीतून. आज पहाटं. लय तक्लीफ झाली."

आपल्या भाषेत अंगठीतलाही खडा आणि मूत्रपिंडातलाही खडाच, याचा राग मला त्या दिवशी आला तेवढा कधी आला नव्हता. मी फोनची काच स्पिरिटनं पुसली. रविवारी तो माणूस खडा डबीत घालून घेऊन आला. "घ्या की बाई हातात. अंगठीत शोभंल म्हणलात तुमी." बाकीचे दोघं हसून लोटपोट. मी शेडमागच्या पेरूखाली जाऊन सकाळचं सगळं ओकून आले.

तोंड धुऊन आले आणि त्यांना वर्गातल्या आवाजात सांगितलं, "आजपासून या शेडमध्ये आणि ग्रुपवर शरीराचा एक शब्द नाही. लघवी नाही, संडास नाही, कफ नाही, काही नाही. ज्या दिवशी निघेल त्या दिवशी मी यायची बंद." बाबूंनी डबी खिशात घातली. मिस्त्रीकाका म्हणाले, "बाई म्हणतेत तर बंद." ड्रायव्हरभाऊ खाली बघत म्हणाले, "बरोबर हाय बाईंचं. बाईमाणसापुढं असलं बोलू न्हाई आमी."

नियम पाळला गेला. शेडमध्ये फक्त चकतीचा आवाज, चहा आणि दगड. बाबू मधेच गप्प होऊन पोटावर हात ठेवायचे, मी बघितलं की हात काढून घ्यायचे. खोटं कशाला बोलू, ते महिने मला फार आवडले.

त्या उन्हाळ्यात ड्रायव्हरभाऊंना ताडकळसच्या बाजारातून येताना रस्त्याकडेला विटेसारखा लाल दगड मिळाला. मिस्त्रीकाकांनी त्यांना एक जुनी मशीन घरी नेऊ दिली होती, तिच्यावर ते रोज थोडं घासायचे. लोह असलेला दगड घासला की खालचा चिखल रक्तासारखा लाल वाहतो. नवखा माणूस बोट कापलं की काय म्हणून दचकतो. एका दुपारी त्यांचा निरोप आला. ग्रुपवर नाही, मला एकटीला. "बाई, दोन दिवस झाले पाणी लाल यायलंय. काई घाबरायचं काम न्हाई ना?"

मी ताबडतोब लिहिलं, "लोहामुळे लाल येतं. अजिबात घाबरू नका. पाणी भरपूर ठेवा, आठ दिवसांत निवळेल." त्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आठवड्यानं पुन्हा निरोप, "निवळलं बाई." मला बरं वाटलं. महिन्यानं, "परत लाल यायलंय." मी लिहिलं, "काही नाही, पाणी वाढवा."

तो माणूस दगडाच्या चिखलाला कधीच पाणी म्हणत नव्हता. तो रबडी म्हणायचा. पाणी मी म्हणायचे. ही एवढी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

दिवाळीनंतर ते यायचे बंद झाले. आधी ऊसतोडीला गेलेल्या लेकाची गुरं सांभाळायची आहेत म्हणाले, मग फोन उचलेनात. शेवटी त्यांच्या लेकानं कारखान्यावरून परत येऊन मिस्त्रीकाकांना कळवलं की वडिलांना नांदेडच्या दवाखान्यात ठेवलंय, मूत्राशयात गाठ आहे. आम्ही तिघं गेलो. वॉर्डात फिनेल आणि लघवी यांचा मिळून एक वास होता. मी नाकाला पदर लावूनच खाटेपाशी उभी राहिले. ते वाळून गेले होते. बायकोला म्हणाले, "ह्या बाई. ह्यांनीच सांगितलं होतं पाणी प्यायला." तिनं मला हात जोडले. "तुमच्या सांगण्यावर लय पाणी पिले बाई. तांब्यावर तांबे. मधी निवळलं बी होतं."

कसलं पाणी, ते मला आधी कळेचना. मग ड्रायव्हरभाऊ हळूच म्हणाले, "तुमी नियम पाळून सांगितलं बाई. मी बी नियम पाळूनच विचारलं. उघडं नाव घेतलं न्हाई."

नाकावरचा पदर तिथंच राहिला, पण आता मला वॉर्डाचा वास येत नव्हता. लेकानं बाहेर सांगितलं, डॉक्टर म्हणाले की लाल दिसल्याबरोबर आला असता तर आतल्या आत खरवडून भागलं असतं, आता सगळं मूत्राशयच काढावं लागेल. परतीच्या गाडीत मी दोघांना निरोप दाखवले. मिस्त्रीकाकांनी वाचून फोन परत दिला. कुणी मला दोष दिला नाही, आणि मला तेही सहन झालं नाही. माझीच मला इतकी किळस आली की बाबूंचा तो खडा बरा. ड्रायव्हरभाऊंना मात्र मी काहीच बोलले नाही. खरं सांगितलं तर ते पुन्हा माझ्या शेजारी बसणार नाहीत, ही भीती होती. दुसरं काही नाही.

तीन महिन्यांनी ते शेडमध्ये आले. सदरा सैल, पोटाच्या उजव्या बाजूला कापडाखाली फुगवटा. तिथं पिशवी लावलेली होती. लघवी आता तिच्यात जमायची आणि खालच्या तोटीनं काढून टाकावी लागायची. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. ते नेहमीच्या मशिनीवर बसले, कान दगडाशी नेला. मी शेजारी. आज सांगायचं म्हणून घरून ठरवून आले होते. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं.

तास गेला, दीड तास गेला. बाबूंना फोन आला, ते फाटकाबाहेर गेले. मिस्त्रीकाका दूध आणायला गेले. ड्रायव्हरभाऊ अवघडून एका कुशीवर कलायला लागले. सदऱ्यावर ओला डाग पसरत होता. पिशवी तट्ट भरून कडेनं गळत होती. रिकामी करायला उठायचं तर कशासाठी ते मला सांगावं लागलं असतं, आणि ते सांगणं नियमात बसत नव्हतं. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. तो चिखल जखमेपाशी जाणं बरं नव्हतं.

मी बादली ओढली. त्यांचा सदरा वर केला आणि तोटी उघडली. पिशवी गरम होती. वास असा की डोळ्यांत पाणी आलं. मी श्वास रोखला आणि तोंड गच्च मिटून घेतलं. बादलीत धार पडत राहिली, संपता संपेना.

ते भिंतीकडे बघत होते. "माफ करा बाई," म्हणाले. "तुमाला ह्याची किळस हाय, मला ठाव हाय. पुढल्या आयतवारपासून न्हाई येत मी. चालंल ना?"

नाही म्हणायचं होतं. पण तोंड उघडलं असतं तर श्वास आत गेला असता, आणि श्वास आत गेला असता तर मी त्यांच्या अंगावरच ओकले असते. मी तोटी बंद करेपर्यंत गप्प राहिले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "बरं," म्हणाले. हात बाटलीखाली धरून थेंबाथेंबानं धुतले, चपला घातल्या आणि हळूहळू फाटकाबाहेर गेले.

मी बादली ओतून रस्त्यावर धावले. ते कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघत उभे होते. बाबू फोनवर बोलायचे थांबले, समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली. पाठ केलेलं वाक्य काही केल्या आठवेना. मी वर्गातल्या आवाजात ओरडले, "भाऊ, मला दगडाचं पाणी वाटलं होतं! लघवीचं आहे हे मला कळलंच नाही! एकदा लघवी म्हणाला असतात, तर मी त्याच दिवशी तुम्हाला दवाखान्यात पाठवलं असतं!"

ते वळले. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"लघवी म्हणलो असतो तर तुमी पुढचं वाचलंच नसतं, बाई," ते म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.