पार्सलमधली भाकरी

पेण पोलीस ठाण्यात एक बाई आली. मुलगा दुबईला आहे, त्याचा फोन लागत नाही आणि नवरा दवाखान्यात आहे, असे तिने सांगितले. त्या दिवसानंतर मी जबाब घेण्याची माझी पद्धत बदलली. नोकरीत याहून मोठे गुन्हे पाहिले, त्यातले बरेच आता धूसर झाले आहेत. हा मात्र तसाच आहे. कोणाचेही नाव लिहीत नाही. त्यातली काही माणसे मला अजून बाजारात भेटतात.

बाई कासूजवळच्या एका गावची, भातशेती करणारी. ठाणे अंमलदाराने तिला परत पाठवायची तयारी केली होती. त्याचे चुकले नव्हते. बेपत्ता माणसाची नोंद जिथून तो बेपत्ता झाला त्या हद्दीत होते आणि दुबई आमच्या हद्दीत येत नाही. "मावशी, दूतावासाला अर्ज करावा लागेल," तो समजावत होता.

"अर्जाला किती दिस लागतील?"

"ते वरती ठरतं."

"त्यांच्याकडं तेवढे दिस नायत," ती म्हणाली.

मी तिला केबिनमध्ये बोलावले. नवऱ्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. डॉक्टरांनी जवळच्यांना बोलवून घ्या म्हणून सांगितले होते. शुद्धीवर आला की तो एकच विचारत होता, "पोरगा निघाला का?" तिने मुलाला फोनवर कळवले, तो "बघतो" म्हणाला आणि तेव्हापासून फोन बंद.

मी जबाब लिहायला घेतला. मुलगा वेल्डर. आधी डोलवीच्या पोलाद कारखान्यात कंत्राटावर होता. पेणच्या रामवाडीतल्या एका एजंटने दुबईच्या कंपनीची ऑफर आणून दिली. त्याआधीच्या मे महिन्यात गावाने त्याला निरोप दिला. गावदेवीला नारळ, दारात औक्षण, बाजा लावून स्टेशनपर्यंत मिरवणूक. आमच्या भागात ही रीतच झाली आहे. गेल्यापासून तो दर दोन दिवसांनी फोन करायचा. घरचे खाणे एजंटकडे द्यायचे, तो कुणा जाणाऱ्याबरोबर पाठवायचा.

"गेल्या आठवड्यात पन दिलं," ती म्हणाली. "सुकटीची चटणी नि तांदळाच्या भाकऱ्या. सकाळी दिल्या. रातच्या विमानानं मानूस जानार व्हता. तिन्हीसांजेला पोराचा फोन. म्हनाला, आई, भाकरी अजून मऊ हाय."

मी लिहीत होतो. ती थांबली आणि पुन्हा म्हणाली, "मऊ हाय म्हनाला, साहेब."

पेन थांबले. माणूस रात्री निघणार होता आणि भाकरी संध्याकाळीच पोहोचली होती. मी बाईकडे पाहिले. तिची नजर टेबलावरच्या पेपरवेटवर होती. मी सही घेतली आणि गाडी काढायला सांगितले.

एजंटचे दुकान पहिल्या मजल्यावर. भिंतीवर उंच इमारतींची चित्रे, कोपऱ्यात प्लास्टिकची फुले. तो स्वतः धडपड्या, गोड बोलणारा. अशी माणसे सरळ खोटे बोलत नाहीत, अर्धे खरे भराभर बोलतात. ऑफर आली, मेडिकल झाले, व्हिसा लागला, मग कंपनीने जॉइनिंग पुढे ढकलले, तेवढ्यात व्हिसाची मुदत संपली, मग दुसरी ऑफर... तो हे सगळे एका दमात सांगून गेला.

"म्हणजे मुलगा गेला की नाही?"

"गेल्यासारखाच आहे, साहेब. प्रोसेसमध्ये आहे."

"भाकऱ्या कुणाजवळ दिल्यात?"

"विमानतळावर एका माणसाला."

"नाव?"

तो टेबलावरचे कागद नीट करू लागला. पोलीस खात्यात आवाज चढवून जे मिळते ते बहुतेक वेळा कोर्टात टिकत नाही. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, "त्याचा बाप आज-उद्याचा सोबती आहे. तुमच्यावर गुन्हा दाखल होईलच, तो मी टाळणार नाही. पण मुलगा वेळेत पोहोचला नाही तर त्या बाईला तोंड तुम्ही द्यायचं, मी नाही."

त्याने घाम पुसला. "मी त्याला कोंडून ठेवलेलं नाय, साहेब. तो रोह्याला हाय. धाटावच्या बाजूला खोली घेऊन राहतो. त्यालाच घरी जायचं नाय. म्हनतो, बाजा लावून पाठवलंय, आता कुठल्या तोंडानं परत जाऊ? मी सांगितलं दोन आठवडे थांब, मुंबईवाल्यानं, वरच्या एजंटानं, मला दोन आठवडेच सांगितले व्हते. मग पुन्हा दोन आठवडे. असे महिने गेले."

"पासपोर्ट?"

"मुंबईवाल्याकडं."

"आणि भाकऱ्या?"

"त्या मी मोटारसायकलवरनं नेऊन द्यायचो. अन्न हाय ते, टाकनार कसं?"

पेणहून रोहा फार तर तासाभरावर. त्या दिवशी नागोठण्याच्या पुढे रस्त्याचे काम चालू होते आणि ट्रकच्या मागे आमची गाडी अडकली. दवाखान्यात बसवलेल्या हवालदाराचा फोन आला, पेशंट बोलायचा बंद झाला आहे.

खोलीवर मुलगा नव्हता. त्याच्याबरोबर राहणारा कारखान्यातला कामगार नुकताच शिफ्टवरून आला होता. तो म्हणाला, "काल तो जेवला नाय. फोन बंद करून ठेवलान. सकाळी पिशवी घेतली नि गेला. मला म्हनाला, माझं सामान तू वापर."

ते शेवटचे वाक्य मला आवडले नाही. माणूस आपले सामान दुसऱ्याला कधी देतो, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले होते. एका शिपायाला कुंडलिका नदीच्या पुलाकडे पाठवले, दुसऱ्याला एसटी स्टँडवर. मी रेल्वे स्टेशनवर गेलो. शहाण्या विचाराने गेलो असे म्हणता येणार नाही. पुलाकडे स्वतः जायचे धैर्य झाले नाही.

तो फलाटाच्या टोकाला बाकावर बसला होता. एजंटच्या दुकानातून आणलेल्या फोटोवरून ओळखला. हातात पेणचे तिकीट होते. पाणीवाल्याने सांगितले, हा सकाळपासून इथेच आहे, गाडी आली की उठतो, गाडी गेली की बसतो.

मी साध्या कपड्यांत होतो. ओळख सांगितली आणि "चल" म्हणालो.

"बाबा हायत?"

"सकाळपर्यंत होते. चल."

तो उठेना. "साहेब, कुठनं आलो सांगू त्यांना?"

मी त्याच्या दंडाला धरले आणि गाडीत बसवले. वाटेत त्याने एकदाच तोंड उघडले. वेल्डिंगची परीक्षा तो पहिल्या झटक्यात पास झाला होता, असे म्हणाला. ते खरे होते, पुढे तपासात कागद मिळाला.

आम्ही दवाखान्यात पोहोचलो तेव्हा बापाने डोळे उघडले होते. आई खाटेच्या पायाशी उभी होती. मुलगा जवळ जाऊन बसला.

"कवा निघालास?" बापाने विचारले.

"सकाळी."

"इमानात खायला देतात?"

"देतात."

"काय?"

मुलाने दाराशी उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिले. मी हललो नाही. "भात," तो म्हणाला.

"एवढ्या लांब जाऊन भातच?" बाप हसल्यासारखा झाला. "मंग आपला भात काय वाईट व्हता?"

मुलगा हसला आणि मग त्याला हसू आवरेना, रडूही. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाप गेला.

गुन्हा दाखल झाला. मुंबईच्या कार्यालयाच्या झडतीत अनेकांचे पासपोर्ट मिळाले, त्यात याचाही होता. एजंट जामिनावर सुटला. मुलगा पुन्हा डोलवीला कामाला जाऊ लागला. गावात पोरे काही दिवस हाक मारायची, "काय दुबई, आज कुठली शिफ्ट?" आणि मुलगा उत्तर द्यायचा, "सेकंड." हळूहळू हाका बंद झाल्या.

तेराव्यानंतर आई पुरवणी जबाबासाठी ठाण्यात आली. जबाब झाल्यावर मी तिला म्हणालो, "मावशी, भाकरीचं तुमच्या बोलण्यातून आलं म्हणून मला कळलं."

ती म्हणाली, "मला त्याच सांजेला कळलं व्हतं, साहेब. जनम गेला भाकऱ्या थापन्यात."

"मग सरळ का नाही सांगितलंत?"

"माझा पोर खोटं बोलतो, असं माझ्या तोंडानं कसं सांगू? तुमी पोलीस, तुमचं तुमी शोधाल म्हटलं. दुबईला असता तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

तोपर्यंत मी समजत होतो की तपास मी केला. त्यानंतर कोणताही जबाब घेताना माणूस जे वाक्य विनाकारण दोनदा बोलतो, त्याखाली मी रेघ मारू लागलो. ठाण्यात येणारी माणसे सगळे सांगत नाहीत. पुष्कळदा ती आपल्याच कोणाला तरी सांभाळत असतात. हे मी पुढे नव्या उपनिरीक्षकांना शिकवले. काहींनी लक्षात ठेवले असेल.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. गेल्या वर्षी माझी पत्नी वारली. आमचा मुलगा परदेशात आहे. त्याची कंपनी बंद पडली होती, नव्या कंपनीने ऑफर दिली होती पण रुजू होण्याची तारीख पुढे ढकलत होती, आणि व्हिसाचा अर्ज अधांतरी. देश सोडलास तर परत येता येईलच असे नाही, असे वकिलाने त्याला बजावले होते. मीही ये म्हणालो नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत तो फोनवर सांगायचा, "सगळं ठीक आहे आई, रजा मंजूर झाली की निघतो." नोकरीच नव्हती, तर रजा कुठली? मला माहीत होते. बहुधा तिलाही होते. ती विचारायची, "थंडी फार आहे का रे?" आणि तो थंडीबद्दल बोलत राहायचा. त्या वेल्डर पोराने माझ्याकडे पाहिले तेव्हा दवाखान्याच्या दारात मी गप्प का उभा राहिलो, ते मला त्या दिवसांत समजले.

एजंटवरचा खटला अजून चालू आहे. माझ्या मुलाच्या अर्जावर निर्णय झालेला नाही. मी पेणला एकटा राहतो.