इंजिनाची खांदशेकणी

दिग्रसात एक होता सखाराम गाडीवान, म्हणजे आमचे मालक. एक होती त्याची शहाणी बायको, म्हणजे मी. अन् एक होतं तांत्रिक शाळेतलं तेलइंजिन. त्या मुक्या जीवावर मी काय उपकार केले, ते कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाले?

गावात ट्रक आले, गाडीभाडं बसलं, बैल विकावे लागले. मालकानं चाळिशीत शाळेच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

शेजारची गंगू म्हणे, "काहून वं, भाऊजी आता पाटी घेऊन जाते काय?"

"पाटी नाही, पाना घेऊन जाते," मी म्हटलं.

पास झाले तर चक्कीवर नोकरी पक्की. नाही तर दुसऱ्याच्या वावरात मजुरी. अन् परीक्षा नेमकी पोळ्याच्या आदल्या दिवशी. म्हणजे खांदशेकणीचा दिवस! बैलाच्या खांद्याले हळद-लोणी चोळाचं, उद्या जेवाले या म्हणून आवतन द्याचं. आता बैल तर गेले. पण ज्याच्या जिवावर पोट, त्याले उपाशी ठेवाचं काय?

हळद-लोण्याचा डबा घेऊन शाळेत गेली. सगळे चहाले गेलते. इंजिनाचा खांदा कोणता? मले वाटलं, ज्यावर पट्टा चढते तोच. चाकाले चोळलं, पट्ट्यालेही चोळलं, मनापासून. आवतनही देल्लं.

परीक्षा सुरू झाली. इंजिन धडधडे, पण पट्ट्यानं जोडलेली शाळेतली चक्की हालत नव्हती. पट्टा नुसता सुळसुळ घसरे.

मास्तर म्हणाले, "सखाराम, दोष शोधा."

मालकानं पट्ट्याले बोट लावलं, हुंगलं, अन् दारात उभ्या माझ्याकडं पाह्यलं.

"सर, दोष घरचा आहे."

मी पदराआड. मालकानं पट्टा, चाक पुसलं, राख चोळली, तशी चक्की गरगर फिराले लागली. मास्तर डोळे पुसत हासत होते.

"पास. पण बाई, तुम्ही बाहेर राहिलात तर शाळा बुडेल. सोमवारपासून शिलाईच्या वर्गात या."

गेली की मी. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "मशीनला तेल द्या."

मी म्हटलं, "थांबा, हळद घेऊन येतो."

आता घरची चक्की आहे, शिलाईमशीन आहे, कशाची कमी नाही. फक्त पोळा जवळ आला की मालक दोन्हीले फडकं बांधते, अन् मले माहेरी पोचवून देते.