घरघर

मालेगावच्या एसटी स्टँडामागे तो मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. रविवारी तो मोबाईलवर गाड्यांची शर्यत लावायचा आणि मोबाईल पालथा ठेवून नुसता आवाज ऐकायचा. हंगामभराचे गुण, चालकांच्या नावांसकट, त्यानं शटरवर खडूनं मांडलेले असत. ऐकता ऐकता उठून तो एखादं नाव पुसायचा.

"याले घरघर लागली."

दोन-चार फेऱ्यांत त्या चालकाची गाडी धूर सोडत थांबल्याचं समालोचक सांगायचा. मी योगायोग म्हणून हसायचो.

परवा माझी मोटारसायकल त्याच्यापुढं चालू केली. त्यानं डोळे मिटून कान दिला.

"इंजिन ठणठणीत हाय, भाऊ."

मी गाडी बंद केली. त्याचा कान मात्र माझ्या छातीकडे वळला.

"मंग घरघर कोनाची ऐकू येऊन राह्यली?"