सात वारांचा एक भीमराव

मोरिवलीत त्या आठवड्यात बातमी अशी होती, की भीमरावला व्यसन लागलंय. दारूचं असतं तर कुणी मान वर करून पाहिलं नसतं. पण हे व्यसन व्हिडिओ गेमचं, आणि माणूस सत्तेचाळीस वर्षांचा, रंगाच्या कारखान्यातला सीनियर फिटर, मुलीचं लग्न करून मोकळा झालेला.

बातमी आणली गोजरबाईने. ती उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये परकराचं कापड घ्यायला गेली होती. तिथे रस्त्यावर चांगला दहा फुटी बोर्ड लागलेला: 'होतूमल गेम पार्लर, प्रथम वर्धापनदिन. वर्षभरात एकही खाडा न करणारे आमचे लाडके ग्राहक श्री. भीमराव (मोरिवली) यांचा भव्य सत्कार. शुक्रवारी दुपारी चार वाजता.'

"तीनशे पासष्ट दिवस!" गोजरबाई नळावर सांगत होती. "एक दिस चुकला नाय. एवढ्या नेमाने माणूस कामाला जात नाय गं!"

संध्याकाळी बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली तोवर भीमराव रोज सहा तास खेळायला लागला होता. त्याच्याही पुढच्या बिल्डिंगीत त्याचा डावा डोळा अधू झाला होता.

यातलं खरं एवढंच, की बोर्डावरचं नाव त्याचं होतं. भीमराव आठवड्यातून एकदा खेळायचा. शुक्रवारी, चार ते पाच. उरलेले सहा दिवस भीमराव म्हणून दुसरेच खेळायचे.

आता हे कसं, ते कळायला भीमरावचा गुडघा माहीत पाहिजे.

भीमरावला बसता येत नसे. जेवताना तीनदा उठायचा. एकदा मिठाला, एकदा पंख्याला, एकदा उगाच. टीव्ही दारात उभा राहून बघायचा. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळे वऱ्हाडी स्वच्छ आलेत, नवरीचा बाप तेवढा प्रत्येक फोटोत पुसट. रविवारी विहारात वंदनेला बसला की उजवा गुडघा सुरू व्हायचा, आणि त्याच्यासोबत सतरंजी. शेजारचा माणूस डोळे मिटल्या मिटल्या सरकून बसायचा. कारखान्यातून सुटल्यावर तर तो रिक्षा न करता लांबच्या रस्त्याने चालत यायचा, पाय दमले तर दमले म्हणून. पाय काही दमत नसत.

"तुमच्या मांडीला जातं बांधलं असतं," त्याची बायको शीला म्हणायची, "तर बावीस वर्षांचे दळणाचे पैसे वाचले असते."

असा हा माणूस २००६ साली एका शुक्रवारी ट्यूबलाइटचा स्टार्टर आणायला होतूमलच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेला. शुक्रवारी त्याच्या कारखान्याला सुट्टी. दुकानाच्या मागच्या खोलीत त्याच दिवशी चार टीव्ही आणि चार प्लेस्टेशन मांडून पार्लर उघडलं होतं. पहिला तास फुकट. फुकट म्हटल्यावर भीमराव आत गेला. जुना वॉशर उलटा करून पुन्हा वापरणारा माणूस तो, फुकट तास सोडतो काय?

कुणीतरी हातात रिमोट दिला. पडद्यावर लाल गाडी, समोर घाट. तासाभराने उठला तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आधी वाटलं, पाकीट पडलं. मग लक्षात आलं: गुडघा. तासभर गुडघा हलला नव्हता. त्याने पाय आपटून बघितला, झोपला की काय म्हणून. पाय जागा होता. नुसता गप्प होता.

झालं. तो तास भीमरावला पाहिजे म्हणजे पाहिजे झाला. पण एका तासाला वीस रुपये! त्यापेक्षा महिन्याचा पास काढा, रोज एक तास, साडेतीनशे. रोज कुठून जायचं? भीमरावने मेंटेनन्स खात्यातले सहा जण धरले. आठवड्याचे सात वार, सात माणसं, माणशी पन्नास. शनिवार दिनानाथचा, रविवार बबनचा, बाकीचे वार बाकीच्यांचे, शुक्रवार स्वतःचा. पासावर नाव भीमरावचं. म्हणजे आत शिरताना सातही जण भीमराव. कुणी आजारी पडला तर बदली भीमराव पाठवायचा. म्हणून तर खाडा नाही!

आणि सातही जण वेगवेगळे खेळत नसत, हे विशेष. सगळे मिळून एकच शर्यत, एकाच मेमरी कार्डावर, पाळीने. पहिल्या पाळीने मशीन जिथे सोडलं तिथून दुसऱ्या पाळीने उचलायचं, हा तर त्यांचा वीस वर्षांचा धंदा. त्यासाठी एक लॉगबुकही होतं, शंभर पानी, तपकिरी पुठ्ठ्याचं, भीमरावच्या लॉकरमध्ये. त्यात नोंदी अशा:

'सोमवार. दोन शर्यती जिंकल्या. निळी गाडी घेऊ नये. आवाज करते.'

'बुधवार. तिसऱ्या घाटात डाव्या वळणाला घसरली. चालवणाऱ्याची चूक नाही.'

'शनिवार. सदर वळणाला ब्रेक आधी दाबणे. सर्वांनी वाचून सही करणे. — दिनानाथ.'

हे सगळं पकडलं जायला हवं होतं ते दारात. पण होतूमलचे तीन मुलगे पुढच्या दुकानात गल्ल्यावर आळीपाळीने बसत. जो बसेल त्याला गिऱ्हाईक 'होतूमल शेठ' म्हणे, तोही ओ देई. खऱ्या होतूमलचा फोटो वर भिंतीला. मागच्या खोलीच्या दाराशी बसायची त्यांची आई, अम्मा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एका हातात पास टोचायचा पंच, मांडीशी पापडांची टोपली. तळहातावरचा पास चाचपून घ्यायची, भोक पाडायची आणि म्हणायची, "आओ भीमराव साईं. पापड लेगा?"

दुसऱ्याच्या नावावर आत शिरणाऱ्या माणसाला 'नको' म्हणायला जीभ कशी उचलणार? प्रत्येक जण पंधरा रुपयांचं एक पाकीट घ्यायचाच. भीमरावच्या घरी पापडांचा डबा भरला, मग दुसरा भरला. शीलाला त्याने सांगून ठेवलं होतं, शुक्रवारी पापड आणायला जातो. तिनेही विचारलं नव्हतं. तासभर घरात गुडघा नाही, हेच तिला पुष्कळ.

आणि आता हा बोर्ड.

शनिवारी संध्याकाळी भीमराव घरी आला तर शीला दारातच.

"रोज चालत येता ना हो? पाय मोकळे करायला?"

"हो."

"ते पाय कॅम्प चारला मोकळे होतात, हे गोजरबाईकडून कळायचं मला?"

भीमराव ओट्यापाशी गेला, परत आला, खिडकी उघडली, बंद केली. खरं सांगावं, तर एका वाक्याचं काम होतं. पण शीलाला सांगितलं म्हणजे ती आपला नवरा निर्दोष म्हणून आधी गोजरबाईला सांगणार, आणि गोजरबाईला सांगितलं म्हणजे दुसरा बोर्ड छापायची गरज नाही. शेठ पास फाडणार, वर वर्षाचे पैसे मागणार. शुक्रवारचा तास गेला. आणि न सांगावं तर घरात व्यसनी.

"अगं, तसं नाहीये ते."

"मग कसं आहे?"

"म्हणजे... आहे, पण तसं नाही."

"शुक्रवारी मीपण येते सत्काराला," शीला म्हणाली. "शाल मी घेते, नारळ तुम्ही घ्या. आणि त्या दिवसापासून खेळ बंद."

तो आठवडा कसा गेला, ते त्याच्या शेजाऱ्यांना विचारा. खालच्या मजल्यावरच्या कमळाकरने दोनदा वर येऊन विचारलं, शिलाई मशीन घेतलं का? कारखान्यात भीमरावने एकच व्हॉल्व्ह तीनदा खोलला. सातही भीमरावांची डबा खाताना मीटिंग झाली.

"कार्यक्रमाला जाऊच नको," बबन म्हणाला.

"आणि शेठ मोरिवलीत शोधत आला तर? पेढे घेऊन?" दिनानाथ म्हणाला. "जा, नारळ घे, नमस्कार कर, निघ. आम्ही मागे उभे राहतो. तोंडातून शब्द काढणार नाही. काय रे?"

सगळ्यांनी माना हलवल्या. तोंडं भरलेली होती, त्यामुळे शपथ पक्की वाटली.

शुक्रवारी दुकानापुढे छोटा मांडव, लाल खुर्च्या, माइक. त्या दिवशी गल्ल्यावर मधल्या भावाची पाळी होती, म्हणून होतूमल शेठ तोच. त्याने शाल घातली, नारळ दिला, आणि माइकवर म्हणाला, "आता आपले भीमराव साईं एक रेस खेलके दिखाएंगे! तीनशे पासष्ट दिवसांची प्रॅक्टिस है भाई, मजाक नाय!"

हे ठरलेलं नव्हतं. टीव्ही बाहेर आणून टेबलावर ठेवलेला. भीमराव खुर्चीत बसला आणि गुडघ्याने टेबल असं हलवलं की टीव्हीवरची फुलदाणी कलंडली. शीला पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. अम्मा दारात आपल्या जागेवर.

लाल गाडी सुटली. पहिलं वळण. दुसरं. आणि शीलाची हाताची घडी सुटली. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती टेबलाखाली बघत होती. लग्नाला बावीस वर्षं झाली, या माणसाचा गुडघा थांबलेला तिने झोपेतसुद्धा पाहिला नव्हता. आता पाय नुसता होता. खुर्चीच्या पायासारखा. चेहराही कुणाचा तरी वेगळाच. लग्नाच्या अल्बममध्ये यायला हवा होता तसा, स्वच्छ.

तिसरा घाट आला. डावं वळण.

"आधी ब्रेक!" मागून कुणीतरी ओरडलं. दिनानाथ. "आधी ब्रेक दाब! लॉगबुक वाचत नाय का तू?"

गाडी घसरली, कठड्यावर आपटली, उलटी झाली.

"घ्या! वाट लावली," दिनानाथ म्हणाला. "शनिवारी लिहून ठेवलंय, सही घेतलीय सगळ्यांची!"

"ब्रेक नाय, गाडीच ढिली आहे," बबन म्हणाला. "माझ्या पाळीत ठणठणीत होती. रविवारी मी हँडओव्हर केली तेव्हा ओरखडा नव्हता तिला. सोमवारवाल्याला विचारा."

"ए, सोमवारवर ढकलू नको हां! बुधवारी काय झालं ते बोल!"

फिटरला एक वेळ बायकोबद्दल बोला. पण बिघाड त्याच्या पाळीत झाला म्हणाल तर तो देवापुढेसुद्धा गप्प बसणार नाही. मिनिटभरात सहाही भीमराव खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आले आणि उलट्या गाडीपुढे भांडत उभे राहिले.

शेठने माइक तोंडापासून बाजूला केला. "पाळी? कौनसा पाळी?"

तेव्हा कुठे एकेकाने खाली बघायला सुरुवात केली. भीमराव उठला. गुडघा पुन्हा सुरू झाला होता, पण त्याने पिशवीतून शंभर पानी वही काढून शेठच्या हातात दिली. आज दिनानाथची नोंद शेवटची एकदा वाचून घ्यावी म्हणून आणली होती. ती तेवढी वाचायची राहिली होती.

शेठने पानं उलटली. चेहरा लाल होत गेला.

"अम्मा! सात लोग! एक पास पर सात लोग, पूरा साल! तेरे को पता नहीं चला?"

"क्यों नहीं चला?" अम्मा बसल्या जागेवरून म्हणाली. "मोतीबिंदू आँख में है, हाथ में थोड़ी है? शनिवारवाले के हाथ पे ये मोटा घट्टा. इतवारवाले का एक नाखून नहीं. शुक्रवारवाला खड़े खड़े हिलता है, पास पकड़ने को दो बार हाथ मारना पड़ता है."

"फिर बोली क्यों नहीं?"

"एक भीमराव रोज़ आता, तो रोज़ पापड लेता क्या? एक पाकीट में महीना निकालता. ये सात शरमिंदे, रोज़ एक पाकीट." तिने टोपली मांडीशी ओढली. "तेरे चार टीवी से ज़्यादा मेरी टोपली कमाई."

शीला इतका वेळ दारावरचा दरांचा फलक बघत काहीतरी मोजत होती. "म्हणजे तिकीट काढून गेला असतात तर महिन्याला ऐंशी," ती नवऱ्याला म्हणाली. "पासाचे पन्नास दिलेत आणि पापडांचे साठ. एकशे दहा. ही तुमची बचत!" लोक हसले. मग ती शेठकडे वळली. "किती घ्यायचे ते घ्या भाऊ, पण यांचा शुक्रवारचा तास काढू नका. त्या तासापुरता यांचा पाय थांबतो. मी आत्ता बघितलंय."

भीमरावने तिच्याकडे बघितलं आणि नारळ या हातातून त्या हातात घेतला.

पास राहिला की गेला, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं: राहिला. रजिस्टरात सातही नावं चढली, शुक्रवार अजून भीमरावचाच आहे, आणि पापडही सुटलेले नाहीत. पण हे झालं ते शीलाच्या रदबदलीने नाही आणि अम्माच्या टोपलीनेही नाही. भीमरावच्या एका उत्तराने झालं. ते ऐकून पहिली हसली ती अम्मा, आणि आई हसल्यावर मुलाला रागवायची सोय राहिली नाही.

शेठने शेवटचं विचारलं होतं, "शरम नाय वाटली भीमराव? एका नावावर सात माणसं बसवली?"

भीमराव म्हणाला, "शेठ, तुम्ही तिघं भाऊ पाळीने होतूमल म्हणून बसता, आणि खरा होतूमल भिंतीवर हार घालून आहे. आमचा भीमराव निदान जिवंत तरी आहे."