एकही फट न ठेवणारा माणूस

पोतदार पहिल्यांदा आमच्या ल्यूकनच्या घरी आले ते गणपतीच्या आरतीला, आणि आरती संपते न संपते तोच देवापुढची उदबत्ती उचलून खिडकीपाशी गेले. मला वाटलं, असेल एखाद्याकडची पद्धत. पण हे गृहस्थ खिडकीच्या चौकटीला लागून उदबत्ती वरखाली फिरवत होते आणि धुराकडे टक लावून बघत होते. एका कोपऱ्यात धूर आडवा झाला. "वहिनी, इथून वारा येतोय," ते म्हणाले. ओळख ना पाळख, एका हातात प्रसादाची वाटी, आणि माझ्याच घरात उभं राहून माझ्या घराची उणीदुणी. मी म्हटलं, "येऊ दे की. आयर्लंडमधला वारा, तो जाणार कुठे बिचारा?" त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "थंडीला दार लागत नाही वहिनी, तिला फट पुरते."

पुढच्या रविवारी ते सिलिकॉनची नळी घेऊन हजर. सकाळपासून दुपारपर्यंत सगळ्या खिडक्या बुजवल्या, दोन कप चहा घेतला आणि गेले. त्या हिवाळ्यात घर खरंच उबदार राहिलं, हे मला कबूल केलं पाहिजे.

ही उदबत्ती नाशिकची. तिथे द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजच्या भिंती आणि दारं बसवायचा त्यांचा धंदा होता. दाराच्या रबरातून थंडी गळते का, हे बघायला ते कुठलंही यंत्र वापरत नसत, उदबत्ती लावत. बायको मेघना भूलतज्ज्ञ. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा त्यांची इरा दोन वर्षांची होती. पोतदारांनी धंदा भावाच्या हवाली केला आणि बायकोच्या व्हिसावर इकडे आले. मेघनाच्या ड्युट्या कशाही असायच्या, त्यामुळे इराला वाढवलं ते पोतदारांनीच. पोरीला बाळदमा. गार वारा लागला की छातीत घरघर सुरू. हा माणूस जूनमध्येसुद्धा खिशात कानटोपी घेऊन फिरायचा. शाळेच्या फाटकाशी बाकीच्या मुलांच्या आयरिश आया हसायच्या, पण यांना त्याचं काही नव्हतं.

इरा आठ वर्षांची असताना त्यांचं लग्न मोडलं. का, ते मला विचारू नका. दोघंही माझ्या स्वयंपाकघरात बसून रडलेत आणि दोघांचंही मला पटलंय. इरा आईकडे ॲडम्सटाउनच्या फ्लॅटमध्ये राहिली. पोतदार टॅला भागात, चार पुरुषांच्या घरातल्या एका खोलीत. एका गोदामात नोकरी. कागदावर ठरलं ते असं, की रविवारी दिवसभर इरा बाबांकडे, पण मुक्काम करायचा तर तिला नीट जागा आणि स्वतःचा पलंग हवा. ते बरोबरच होतं. पण इथे भाड्याचं घर मिळवणं म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. पोतदार दोन वर्षं घरं बघत फिरले. प्रत्येक दारात त्यांच्याआधी आलेली वीस माणसं.

आणि मग एका वसंतात मेघनाला ऑस्ट्रेलियात नोकरी मिळाली. ऑगस्टच्या शेवटी ती आणि इरा जाणार. पोतदारांनी संमतीच्या कागदावर सही केली. मी चिडले. "सही कशाला केलीत? अडवायचं होतंत." ते म्हणाले, "अडवलं असतं तर इराने मला आयुष्यभर अडवणारा बाप म्हणून ओळखलं असतं." मग चहाचा कप बाजूला सारून म्हणाले, "मला एक रात्र हवी, वहिनी. एकच. ती झोपेत बोलते, तुम्हाला माहीत आहे? लहानपणी बडबडायची. आता बोलते की नाही, मला माहीत नाही."

आमचे श्रीकांत म्हणाले, "पोतदार, समुद्रावर एखादं हॉटेल घ्या दोन दिवस, विषय संपला." श्रीकांत असंच सगळं सोपं करून टाकतात. पोतदार म्हणाले, "हॉटेलात ती पाहुणी आणि मीही पाहुणा. मला तिला माझ्या घरी झोपवायचंय. घर नाही, तर निदान माझ्या छपराखाली."

ते छप्पर त्यांनी रॉसकॉमनच्या एका शेतकऱ्याकडून आणलं. जुना पिकअप ट्रक आणि त्याच्या पाठीवर बसवलेली एक पेटी. पेटीचं छप्पर आतून वर ढकललं की चारी बाजूंना कापडाच्या भिंती उघडतात आणि आत माणूस उभा राहू शकतो. झोपायला पलंग, छोटी गॅसची शेगडी, एक कपाट. निदान एके काळी हे सगळं होतं. आमच्या ड्राइव्हवेत ती गाडी आली तेव्हा आत कोंबड्यांची पिसं होती, जमिनीची फळी कुजली होती आणि वासाने शेजारीण खिडकीत आली. "युअर मॅन म्हणाला, इट विल बी ग्रँड," पोतदारांनी सांगितलं. युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत तो माणूस, तो शेतकरी, आणि ग्रँड म्हणजे ठीकठाक. "यांचं छप्पर उडून गेलं तरी ग्रँडच असतं, वहिनी." दोन वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. म्हणून मी गाडीला जागा दिली, नाहीतर हाकलूनच दिली असती.

मग काय, मीही त्यात ओढले गेले. मी घरी कपडे दुरुस्तीचं काम करते, पँटची लांबी कमी करणं, ब्लाउज, शाळेचे गणवेश. मशीन दणकट आहे. पेटीच्या भिंतींचं जुनं कापड हात लावला की पापडासारखं तुटत होतं. ते उसवून त्याच्यावरून मी नवं कापलं, दुहेरी शिवण घातली, पारदर्शक खिडक्या बसवल्या, आणि आतून लावायला गोधडीसारखं जाड अस्तर शिवलं, कारण पोतदार रोज येऊन म्हणत, "वहिनी, कापडच आहे हो शेवटी." कामावरून सुटले की ते थेट आमच्याकडे. उन्हाळ्यात इथे दहापर्यंत उजेड असतो, तो सगळा त्यांनी वापरला. कुजलेली फळी उचकटताना त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला, नडगी सोलवटली, तरी बाहेर आले नाहीत. अंगठ्यावर हातोडी बसली तर तोच अंगठा तोंडात धरून दुसऱ्या हाताने मोजमाप चालू. जेवायला बोलावलं की म्हणत, "आलो, एवढी एक कड." जेवण गार व्हायचं. मी ओरडायचे. ते कॅलेंडरकडे बोट दाखवायचे आणि मी ताट पुन्हा गरम करायला न्यायचे. इराला त्यांनी गाडी दाखवली नव्हती. पूर्ण झाल्यावरच दाखवायची, असं त्यांचं म्हणणं.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला जड जातंय. नवी जमीन बसली त्या संध्याकाळी पोतदारांनी उदबत्ती लावली आणि सगळ्या गाडीतून फिरवली. दोन ठिकाणी धूर जोरात हलला. जमिनीत वाटीएवढी दोन गोल भोकं होती, जाळी लावलेली, एक शेगडीखाली आणि एक दाराजवळ. जुन्या फळीत होती, म्हणून त्यांनी नव्या फळीतही इमानदारीने कापली होती. आता ते विचारात पडले. "पायाखाली भोक कशाला असेल, वहिनी?" मी म्हटलं, "कोंबड्यांसाठी पाडली असतील. घाण धुवायला. बुजवून टाका, पोरीच्या पायाला गार लागेल." हे मी म्हटलं. मीच. आणि अस्तरातून उरलेला कापूसही मीच आणून दिला. त्यांनी कापूस ठासला, वरून फटी भरायचा डब्यातला फेस मारला, तो दगडासारखा घट्ट झाल्यावर वर पातळ फळी ठोकली आणि तिच्यावर लिनोलियम चिकटवलं. छपरातला झरोकासुद्धा बुजवला. पुन्हा उदबत्ती फिरवली. धूर सरळ वर गेला. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे पोटभर जेवले.

शेगडी त्यांनी ठेवली होती. बेत वेक्सफर्डच्या समुद्रावर जायचा होता, आणि तिथे सकाळी उठून इराला गुरगुट्या भात आणि मेतकूट करून घालायचं होतं. आयुष्यभर कोल्ड स्टोरेज बांधलेला माणूस. कोल्ड स्टोरेजमध्ये चूल नसते, हे माझ्याही ध्यानात आलं नाही आणि त्यांच्याही.

शेवटच्या शनिवारी सकाळी मेघना इराला घेऊन आली. विमान सोमवारचं. आधी ती स्वतः गाडी बघणार, मग एका रात्रीसाठी न्यायला हरकत नाही, असं तिने कबूल केलं होतं. इरा आईच्या गाडीत बसून राहिली, मांडीवर बॅग, बॅगेवर उशी. मेघना पेटीत चढली. मी दारात उभी. तिने छप्पर बघितलं, पडदे बघितले, गादीवर हात दाबून बघितला. "छान केलंयस रे, अविनाश," ती म्हणाली, आणि मला वाटलं, जिंकलं यांनी. मग तिची नजर शेगडीवर गेली.

"याची हवा कुठून जाते?"

पोतदारांनी खिशातून उदबत्ती काढली. तो क्षण मी विसरायचा म्हटलं तरी विसरू शकत नाही. परीक्षेत पहिला आलेला मुलगा निकाल दाखवतो तसा चेहरा. मला आत घेऊन दार लावलं आणि कोपऱ्याकोपऱ्यातून उदबत्ती फिरवली. "कुठूनच नाही. बघ. एकही फट ठेवली नाही. तिला काही होणार नाही."

मेघना खाली वाकली. लिनोलियमवर बोटांनी चाचपलं. "इथे खाली झरोके असतात. गॅस जड असतो, गळला तर खाली बसतो, म्हणून. कुठायत ते?"

पोतदारांनी उदबत्ती विझवली. मी बोलायला हवं होतं.

मेघना ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "अविनाश, माझं रोजचं काम माणसांना झोपवायचं आणि परत उठवायचं. इथे झोपली असती, तर उठवायला कोण आलं असतं?"

पोतदार खाली बसले. पटाशी घेतली आणि लिनोलियम फाडायला लागले. फळी उचकटली. खालचा फेस निघेना. पटाशी हातोडीने ठोकत होते, फेसाचे तुकडे उडत होते, आणि तोंडाने एकसारखं चालू होतं, "काढतो. आत्ता काढतो. सिलिंडर बाहेर ठेवतो. शेगडीच काढून टाकतो. आम्ही पाव खाऊ. मेघना, पाव खाऊ आम्ही." हाताला लागलं, रक्त आलं, तरी थांबेनात. मेघनाने त्यांच्या मनगटाला धरलं. तिचेही डोळे भरले होते. "पुरे. अजून काय काय बुजवलंयस ते मला माहीत नाही, आणि तुलाही माहीत नाही. ती दम्याची पोर आहे. मी नाही पाठवू शकत."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. तिच्या जागी मीही हेच केलं असतं. बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं, "भोकं बुजवायला मी सांगितलं होतं, मेघना." ती म्हणाली, "ताई, आता त्याने काय होणार?" काहीच होणार नव्हतं. पोतदार आता नाशिकला असतात, महिन्यातून एकदा फोन करतात. त्या भोकांचा विषय ते काढत नाहीत आणि मीही काढत नाही.

मेघनाने दोन तास दिले. दार उघडं, कापडाच्या खिडक्या उघड्या, सिलिंडर माझ्या परसात. गाडी तिथेच, आमच्या ड्राइव्हवेत. ती स्वतः समोर तिच्या गाडीत बसली. इरा उशी घेऊन आली. सगळीकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, इज दॅट माय ओन प्रेस?" इथली मुलं कपाटाला प्रेस म्हणतात. "हो, तुझंच," ते म्हणाले. तिने उशी पलंगावर टाकली, बूट काढले आणि त्या बुटांसाठी कपाट उघडलं. मग आडवी झाली. आठवडाभर सामानाची बांधाबांध चालली होती, पोर दमलेली. बोलता बोलता तिचा डोळा लागला.

पोतदार पायरीवर बसून राहिले. बोटाला माझं फडकं गुंडाळलेलं. वारा आरपार वाहत होता आणि पडदे हलत होते. त्यांनी एकदा तिच्या अंगावरचं पांघरूण वर ओढलं, बाकी काही केलं नाही. दोन तास झाले. मेघना खाली उतरली, दारापर्यंत आली, आत बघितलं, आणि परत जाऊन गाडीत बसली. आणखी अर्धा तास गेला. शेवटी पोतदारांनीच इराच्या खांद्यावर हात ठेवला. "ऊठ बाळा. आई थांबलीय."

त्या गेल्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी पोतदार रस्त्याकडे बघत होते. आभाळ भरून आलं होतं, थेंबही पडायला लागले. मी विचारलं, "झोपेत बोलली का हो?" त्यांनी मान हलवली, नाही. मी म्हटलं, "छप्पर खाली घेऊ या, पोतदार. आत भिजेल."

ते आत चढले होते. इरा झोपली होती तिथे गादीवर तळवा ठेवून उभे होते.

"थोडं थांबा, वहिनी," ते म्हणाले. "अजून गरम आहे."